कौतिक नानांचं पेडल

साडेनऊला मी वृषालीताईंच्या दुकानाशी पोचलो तेव्हा त्या शटर वर करत होत्या. मी मदतीला हात लावला, तर म्हणाल्या, "राहू द्या भूषणभाऊ, तुम्ही ओढलंत तर ते पट्टीतून सुटेल." माझी कीर्ती ही अशी.

घाई मला जन्मापासूनच आहे, पण त्या दिवशी तिला कारणही होतं. दोन वाजता जळगावहून आमच्या बँडची गाडी बोदवडला निघणार होती. हळदीची मिरवणूक, हंगामातलं पहिलं लग्न. मी बँजो वाजवतो. आमचा बँजो म्हणजे तारांवर बटणं दाबून वाजवायची पेटी; ती ॲम्प्लिफायरला जोडली की गल्ली हलते. पण हल्ली नुसत्या बँजोवर कोणी नाचत नाही. गिटारवाले पायाशी ठेवतात ती लोखंडी डबी, पेडल, मधे जोडावी लागते. तिचं बटण दाबलं की तीच तार सनईसारखी रडते आणि नवरदेवाचे मामा रुमाल काढून नाचायला लागतात.

हे पेडल मी दसऱ्याच्या आधी दोंडाईच्याच्या कौतिक नानांकडून जुनंच घेतलं होतं. नानांनी चाळीस वर्षं बँजो वाजवला. आता डावा हात थरथरतो म्हणून एकेक वस्तू देऊन टाकत होते. त्यांनी तासभर मला वाजवून दाखवलं होतं, अगदी झकास. आणि काल तालमीत पहिल्यांदाच बटण दाबलं तर नुसती चरचर, मग चिडीचूप. डबीवर थाप मारली की जरा बोलायचं, पुन्हा मुकं. आमचे मास्तर प्रेमराज सगळ्यांसमोर म्हणाले, "भूषण, उद्या तुझ्याऐवजी पेनड्राइव्ह लावू का?" सगळे फिदीफिदी हसले आणि माझं डोकं फिरलं.

नंदुरबारपासून रावेरपर्यंतच्या बँजोवाल्यांचा एक ग्रुप आहे, तीनशे जणांचा. मी तिथेच उभ्याउभ्या आवाज रेकॉर्ड करून टाकला: "कौतिक नानांनी माझ्या गळ्यात भंगार मारलं. म्हातारपणी माणूस फसवायला निघाला. यांच्याकडून कोणी खिळासुद्धा घेऊ नका." जिभेला हाड नसतं ते असं. आमच्या धंद्यात माणसाचं नाव हीच त्याची मिळकत. हात थकल्यावर नानांकडे तेवढंच उरलं होतं, आणि मी तीनशे लोकांत ते चुरगाळून ठेवलं. पण हे मी आत्ता म्हणतो. काल मला फार बरं वाटलं होतं.

सकाळपर्यंत त्यावर साठेक अंगठे आले होते. दोघांनी आपलंही घोडं दामटलं होतं: आम्हाला आधीपासूनच शंका होती म्हणे. नानांनी मात्र एक अक्षरही लिहिलं नव्हतं. मी म्हटलं, चोर गप्पच बसणार.

"बिघडायच्या आधी याला तुम्ही शेवटचं काय केलं?" वृषालीताईंनी विचारलं. त्या डिप्लोमा झालेल्या. सगळ्या खान्देशातले मिक्सर आणि ॲम्प्लिफायर त्यांच्याकडे येतात.

"काही नाही. डब्यात ठेवलं होतं. विकणाऱ्यानेच फसवलं ताई, तुम्ही उघडा तर खरं."

त्या कसल्या उघडतात! आधी वायर बदलली. चरचर तशीच. मग नवी बॅटरी घातली, मग बँजो पेडलाशिवाय थेट जोडून पाहिला. तो स्वच्छ वाजला. प्रत्येक वेळी वहीत एक ओळ लिहायची, मग पुढचं. मी तीनदा घड्याळ पाहिलं, दोनदा बाहेर जाऊन आलो, चहा मागवला आणि प्यायचा विसरलो. साडेदहा झाले. मास्तरांचा फोन आला, तो मी कापला.

"ताई, दोन वाजता गाडी आहे."

"म्हणूनच म्हणते, बसा."

शेवटी त्यांनी मागचे चार स्क्रू काढले. ब्रशच्या लाकडी दांड्याने आत एकेका जागी हळूच टोकून पाहायला लागल्या. वायर घालतो त्या भोकाच्या पितळी पट्टीवर दांडा टेकला मात्र, स्पीकर खरखरला. त्यांनी दिवा खाली ओढला, भिंग लावलं, आणि मग डबी नाकाशी नेऊन चक्क वास घेतला.

"हे कुंकू कोणाचं?"

मी वाकून पाहिलं. पट्टीवर हिरवट बुरशीसारखं काहीतरी चढलं होतं. पायाने दाबायच्या बटणाच्या मुळाशी लाल-पिवळा चिकट थर वाळून घट्ट बसला होता.

"दरवर्षी दसऱ्यानंतर माझ्याकडे हीच कामं," त्या म्हणाल्या. "कीबोर्डात अक्षता. गेल्या वर्षी एका ॲम्प्लिफायरमधून अख्खं आपट्याचं पान काढलं. पूजा वरून करा हो, आत कशाला ओतता? नारळाचं पाणी सुकलं की पितळ खातं. नानांनी केली होती का पूजा?"

दसऱ्याला सगळी वाद्यं मांडून मीच हळदीकुंकू वाहिलं होतं. नारळ मीच फोडला होता. नवीन वस्तू, हंगाम चांगला जाऊ दे, म्हणून पेडलावर पाणी जरा सढळ हातानेच शिंपडलं होतं. वर डबा बंद करून दीड महिना ठेवून दिला होता. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात; इथे तर अंगण मीच उकरलं होतं.

"मी केली," मी म्हणालो.

स्पिरिट आणि ब्रश घेऊन वृषालीताई पट्टी घासू लागल्या. बटण बदलावंच लागलं. मी ग्रुप उघडला. अंगठे ऐंशीवर गेले होते. नानांना फोन लावला, तर तो लागेना. पुन्हा लावला. बसवेना, उभं राहवेना. आता काय बोलायचं तेही सुचत नव्हतं, पण बोट आपलं फोन लावतच होतं.

बारा वाजता पांढरी टोपी, धोतर आणि हातात कापडी पिशवी, असे कौतिक नाना स्वतःच दारात. सकाळची गाडी पकडून दोंडाईच्याहून आले होते. माझ्या घरी गेले, तिथून पत्ता विचारत इथे. मी उठायच्या आत त्यांनी पिशवीतून पेडलाचा अडॅप्टर काढून टेबलावर ठेवला.

"हाऊ मनाकडेच राही गयथा भाऊ. तेन्हामुयेच बिघडनं व्हई. मनीच चूक."

अडॅप्टर आपल्याकडे राहिला म्हणूनच ते बिघडलं, असं धरून रात्रभर तो माणूस स्वतःची चूक शोधत बसला होता. तेवढ्यात वृषालीताईंनी वायर जोडली आणि तार छेडली. पेडल असं काही गायलं की समोरचा चहावाला डोकावला.

"वाजस!" नानांचा चेहरा उजळला. "वाजस ना! मंग तेवढं ग्रुपवर सांगी दे भाऊ."

मी लगेच फोन तोंडाशी धरला. "मंडळी, मी भूषण. पेडल दुरुस्त झालं. आता काही तक्रार नाही." पाठवून टाकलं आणि सुटलो म्हटलं. मास्तरांचा पुन्हा फोन वाजत होता. मी बँजो आवरायला लागलो.

नाना उभेच. टोपी काढून हातात घेतली होती.

"भूषण," ते हळूच म्हणाले, "दुरुस्त झायं म्हनशी, त मंग बिघडेलच दिधं व्हतं, असंच समजतीन ना बठ्ठा लोक?"

वृषालीताई दुसऱ्या कामात मान घालून होत्या, पण त्यांचा ब्रश थांबला. चहावाला अजून दारातच होता. पळवाट त्या म्हाताऱ्याने बरोबर हेरली होती. तो फोन मी कापला आणि पुन्हा रेकॉर्ड लावला. या वेळी नानांच्याच बोलीत.

"मी भूषण, जळगाव. कौतिक नानास्नी चांगलंच पेडल दिधं व्हतं. दसराले मीच तेन्हावर नारळनं पानी टाकं, म्हनीसन ते बिघडनं. काल मी खोटं बोलनू. चूक मनी शे. नानास्नी कोनलेच फसाडं नही."

पाठवलं. नानांनी फोन मागून घेतला, कानाशी धरला आणि शेवटपर्यंत ऐकलं.

"आखो लाव," ते म्हणाले.

मी पुन्हा लावलं. गाडी सुटायला वेळ थोडा होता, पण मी बसलो. तिसऱ्यांदा त्यांनी स्वतःच, थरथरत्या बोटाने, बटण दाबलं.