तिसऱ्या हाकेची ओ

मी जन्म-मृत्यूची नोंदवही बोलतेय. घाबरू नका, मी कुणाचं आयुष्य ठरवत नाही. झालेलं तेवढं पोटात ठेवते.

कोरी होते तेव्हा कचेरीतल्या टेबलावर माझा काय थाट! माणसं जन्म मोठ्यानं सांगायची, मृत्यू मात्र खाली मान घालून. पानं भरली आणि मी मागच्या खोलीत वरच्या फळीवर गेले. कसर लागली. पुढे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही.

परवा एक तरुण आई आली. खांद्यावर पाच महिन्यांची मुलगी, चिमणीएवढी. घडोघडी तिच्या नाकापुढे बोट धरून श्वास बघायची.

"हिला माझ्या पणजीचं नाव ठेवायचंय," ती म्हणाली. "पणजी एकशे दोन वर्षं जगली. माझी आई म्हणते, त्या नावातच आयुष्य आहे. हिच्या अंगी काही लागतच नाही हो!"

रेकॉर्डच्या बाई म्हणाल्या, "बस आधी. आपल्यापासून मागे जायचं. तू, आई, आजी, मग पणजी. घरच्यांनी सांगितलेलं तुझ्या वहीत पेन्सिलीनं लिही. नोंद सापडली की मगच शाई."

मला खाली काढलं, धूळ झटकली. पणजीचा जन्म सापडला. आईनं लगेच पेन उचललं.

"थांब गं! मृत्यूची पानंही बघ. सगळे इथेच घाई करतात."

तेच नाव. तेच आईबाप. वय आठ महिने.

दोन वर्षांनी पुन्हा जन्म, पुन्हा तेच नाव. पुन्हा मृत्यू, वय पाच महिने. मग तिसरी जन्मली, तीच ही पणजी. तिचा मृत्यू माझ्यात नाही. घरानं पहिलीच्या जन्मापासून वर्षं मोजून तिघींचं मिळून एकच लांब आयुष्य शिवलं होतं.

आईनं पेन खाली ठेवलं.

"बाई, पणजी पहिल्या दोन हाकांना कधीच ओ द्यायची नाही. बहिरी म्हणून आम्ही चिडवायचो. तिसऱ्या हाकेला मात्र लगेच 'ओ'!"



आईनं बाळाला मांडीवर घेतलं आणि हळूच त्या नावानं हाक मारली. पंखा बंद होता, तरी माझं एक पान हललं. दुसरी हाक. आणखी एक पान हललं.

तिसऱ्या हाकेला बाळानं मान वळवली.

आईनं आपल्या वहीतलं पेन्सिलीचं नाव खोडरबरानं कागद फाटेपर्यंत खोडलं. "चल चिमणे, तुला नवंकोरं नाव शोधू. कुणीच न वापरलेलं."

मी पुन्हा फळीवर आहे. जुनं नाव ठेवण्याआधी मला एकदा उघडा, एवढंच मागणं. फक्त ते मोठ्यानं वाचू नका.

माझ्या पानांतल्या त्या दोघी अजून हाकेची वाट बघतात.