दरोडेखोराचं नवं डोकं

आमच्या मेणाच्या पुतळ्यांच्या संग्रहालयात बाहेरचा चेहरा एकही नाही. आजोबांनी पर्यटकांच्या या गल्लीत ते थाटलं तेव्हा नमुन्याला बाहेरची माणसं आणायची ऐपत कुठली, त्यांनी घरच्यांचेच साचे घेतले. आजी राणी झाली आणि काका दरोडेखोर. काका शेवटपर्यंत रुसलेला होता.

यंदा एसी बंद पडला आणि दरोडेखोराचं तोंड ओघळून छातीवर आलं. नवा चेहरा माझा द्यायचं ठरलं. साचा अर्थातच बाबा घेणार होते, चाळीस वर्षं तेच घेत आलेत. बाबा हल्ली विसरतात, असं बायको महिनाभर सांगत होती. परवा तिकीट खिडकीत त्यांनी तिलाच विचारलं होतं, किती माणसं? मी म्हटलं, थट्टा करत असतील. कानाडोळा करण्यात माझा हात कोणी धरणार नाही.

मी बाकावर आडवा झालो. आमच्याकडे साचा घेताना हात पट्ट्यांनी बाकाला बांधतात, कारण घाबरलेला माणूस आधी चेहऱ्याला हात लावतो. बोलायचं नाही. टाच दोनदा आपटली की सोडवायचं. बाबांनी माझ्या नाकपुड्यांत दोन नळ्या घातल्या आणि सराईत हाताने प्लास्टर थापलं. ते घट्ट होत गेलं, तापलं.

तेवढ्यात दारावरची घंटी वाजली आणि बाबा गेले. बऱ्याच वेळाने त्यांचा आवाज जवळ आला. पर्यटकांना ते कामाची खोली दाखवत होते. मला हायसं वाटलं. मी टाच दोनदा आपटली.

एक बाई किंचाळली. "आत यंत्र बसवलंय," बाबा कौतुकाने म्हणाले. "माझ्या मुलाने केलंय. हुशार आहे तो."

मी टाचा आपटत राहिलो आणि मंडळी हसत राहिली. मग बाबांची बोटं माझ्या नाकाशी आली. अर्धवट काम त्यांना कधीच खपत नाही. "इथे भोक राहिलंय," असं पुटपुटत त्यांनी एक नळी उपटली आणि मेणाची गोळी अंगठ्याने दाबून बसवली. श्वास निम्मा झाला. बोटं दुसऱ्या नळीकडे सरकली.

मी जिवाच्या आकांताने अंग फिरवलं. बाक माझ्यासकट उलटला आणि साचा फरशीवर फुटला.

माझे हात अजून बांधलेलेच होते, कपाळातून रक्त येत होतं. बाबा शेजारी उभे होते, दुसरी गोळी चिमटीत मळत.

"बाबा, मी आहे," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे नीट निरखून पाहिलं. मग ते पाहुण्यांकडे वळले.

"घाबरू नका," ते म्हणाले. "माझा मुलगा येईलच इतक्यात. तो करतो याला दुरुस्त."