दोरीला बांधलेला पेला

दूध नासलं तरी माई आधी भिंतीपलीकडे बघायच्या. भिंतीपलीकडे त्यांचा धाकटा दीर राहायचा. दोघा भावांनी एकाच वेळी शेजारी शेजारी घरं बांधली. पुढे थोरले वारले आणि मधली भिंत कुणाच्या जागेत येते यावरून वहिनी-दिराचं जे फाटलं, ते फाटलंच. बोलणं बंद. म्हणजे समोरासमोरचं बंद. भिंतीला ऐकवणं रोज चालू असायचं.

आणि आता माईंची गरज नेमकी त्याच दिराच्या अंगणात जाऊन अडकली होती. त्यांची लेक दुसऱ्या शहरातल्या एका ऑफिससाठी घरी बसून इमारतींचे नकाशे काढायची. मोबाइलच्या नेटवर ते नकाशे निम्म्यात अडकायचे. शेवटी ऑफिसने सांगितलं, या महिन्यात घरी नेटची नीट लाइन घ्या, नाहीतर इथे येऊन बसा. माईंनी हिशेब मांडला. पोरगी गेली की घरात राहणार कोण? त्या आणि भिंत. त्यांनी स्वतः फोन करून केबलची लाइन मागवली.

केबलवाला आला, रस्ता बघितला, आणि म्हणाला की नवीन खोदायला परवानगी नाही. जमिनीखाली जुन्या टेलिफोनचा पाइप आहे, सगळ्यांच्या केबली त्यातूनच जातात. तो पाइप रस्त्यावरून दिराच्या अंगणातल्या चेंबरमध्ये यायचा आणि तिथून त्याचा एक फाटा माईंच्या खिडकीखाली निघायचा. चेंबरचं लोखंडी झाकण उघडल्याशिवाय काही होणार नव्हतं. अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात, पण माईंचा हरी अडला तरी पाय धरणारा नव्हता. परवानगी मागायला त्यांनी केबलवाल्यालाच धाडलं.

दिराने लगेच हो म्हटलं. इथेच माईंना शंका आली. इतक्या सहजी? कुठेतरी पाणी मुरतंय.

केबलवाल्याने आणि त्याच्या जोडीदाराने पाइपात लांब लवचीक सळई घातली. एके ठिकाणी पाइप चेपलेला होता, तिथे दोघांचा घाम निघाला. शेवटी सळई पार झाली आणि तिच्यामागून पिवळी नायलॉनची दोरी आली. एक टोक चेंबरमध्ये वेटोळं करून ठेवलं, दुसरं माईंच्या खिडकीखाली दगडाला गुंडाळलं. उद्या केबलचं रीळ आणू, म्हणाले; दोरी आत आहे म्हणजे वाट आहे, केबल नुसती तिला बांधून ओढायची.

सकाळी दोरी नव्हती. पाइपाचं तोंड मोकळं आणि दगड एकटा.

माईंनी भिंतीपाशी उभं राहून तोंडाचा जो पट्टा सोडला, तो आख्ख्या गल्लीने ऐकला. भावाच्या लेकीच्या पोटावर पाय देताना लाज कशी वाटली नाही, इथपासून सुरुवात झाली. दिराने कानावर हात ठेवले, झाकणाला हातसुद्धा लावला नाही म्हणाला. मग अंगणात पहार कशाला पडलीय, माईंनी विचारलं. ती पहार कालपासून केबलवाल्याचीच तिथे राहिली होती, पण संशयाला असल्या गोष्टी ऐकू येत नाहीत. लेक दारात उभी राहून, आई, पुरे कर, एवढंच म्हणत होती.

केबलवाला वैतागला. पुन्हा सळई घातली, पुन्हा घाम गाळला, पुन्हा दोरी आणली. रीळ दुसऱ्या कामावर अडकलंय, संध्याकाळी आणतो म्हणाला. आणि बजावून गेला की चेपलेल्या जागी पाइप आणखी बसतोय, आता दोरी गेली तर पुन्हा सळई जायची नाही.

माईंनी मग डोकं लढवलं. दिराच्या अंगणात पाऊल टाकायचं नव्हतं, म्हणून सापळा स्वतःच्याच बाजूला लावला. दोरीच्या टोकाला स्टीलचा पेला बांधला. तिकडून ओढली की पेला फरशीवर खणखणणार. मग त्या भिंतीलगत खुर्ची टाकून, डोळे दिराच्या अंगणावर रोवून बसल्या. जेवणानंतर मात्र मान पुढे कलली.

पेला खणखणला.

"सापडलात, भाऊजी!" माई ओरडतच उठल्या. पण पलीकडच्या दाराला कुलूप होतं आणि झाकण होतं तसंच होतं. मग त्यांनी मागे वळून पाहिलं. खिडकीखाली लेक वाकली होती. पेला पायाशी पडला होता, आणि दोरीचं टोक तिच्या हातात होतं.

काखेत कळसा नि गावाला वळसा. माई खिडकीपाशी गेल्या.

"कालची पण तूच काढलीस?"

"हो." लेकीने दोरी सोडली नाही. "मला जायचंय, आई. मला तिथे माणसांत बसून काम करायचंय."

"मग सांगायचं होतंस."

"तू विचारलं असतंस, कुणी शिकवलं. लाइन मिळाली नाही म्हणून गेले असते, तर तुला काकांवर रागावता आलं असतं. माझ्यावर नाही."

माई रडल्या. लेक जाणार म्हणून रडल्या, आणि पोरीला आपली इतकी भीती वाटते हे कळलं म्हणून त्याहून जास्त. पुढच्या आठवड्यात निघते, लेकीने हळूच सांगितलं. माईंनी मान हलवली.

संध्याकाळी रीळ आलं. लेक सांगायला पुढे झाली की लाइन नको आहे, पण माई तिच्याआधी फाटकाबाहेर पडल्या आणि थेट दिराच्या अंगणात शिरल्या. दीर नुकताच परतला होता. सगळ्यांदेखत माई म्हणाल्या, "भाऊजी, दोरी तुम्ही नव्हती काढली. माझं चुकलं."

दीर गोंधळला. मग त्याने पहार उचलली, झाकण बाजूला केलं आणि दोरी माईंच्या हातात दिली. "धरा, वहिनी," तो म्हणाला.

लेक धावत आली. "आता कशाला, आई? मी तर चाललेय."

"म्हणूनच," माई म्हणाल्या. "फोनवर विचारलं, जेवलीस का, की तू हो म्हणणार. तुझ्यावर कोण विश्वास ठेवणार? मला व्हिडिओवर ताट दिसलं पाहिजे."