तेहतीस हजार फ्रेम

मी बाटल्यांची झाकणं मोजतो असं सांगितलं की लोक हसतात. मी म्हणजे माझा प्रोग्रॅम. पट्ट्यावरून बाटल्या सरकत येतात, वर कॅमेरा टांगलेला असतो, आणि ज्या बाटलीचं झाकण तिरकं असेल ती बाजूला ढकलली जाते. सात वर्षं तो प्रोग्रॅम मी पोटच्या पोरासारखा सांभाळलाय. त्याला नुसता आकडा द्यायचा: शून्य म्हणजे पहिला कॅमेरा, एक म्हणजे दुसरा. आकड्याऐवजी फाइलचं नाव दिलं, तर कालचं रेकॉर्डिंगही तो तितक्याच इमानदारीने वाचतो. एक चित्र घ्यायचं, तपासायचं, पुढचं मागायचं. एका सेकंदाला पंचवीस. त्याच्या या साधेपणाचा मला भारी अभिमान होता.

आमच्या कारखान्यात इतका खडखडाट असतो की कानात रबरी बुचं घातल्याशिवाय आत पाऊल टाकू देत नाहीत. दिवसभर आम्ही हातवारे करून बोलतो. माझ्या टेबलावरच्या लॅपटॉपचा आवाज मी सात वर्षांपूर्वी बंद केला तो केलाच. हे आत्ताच सांगून ठेवतो, म्हणजे पुढे मला शिव्या घालताना तुम्हाला कारण शोधावं लागणार नाही.

घरात मी आणि बाबा, दोघंच. ताई तीन चौक पलीकडे राहते आणि रोज येऊन आमच्या स्वयंपाकघराला नावं ठेवते. बाबा छापखान्यात प्रूफं तपासायचे. चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका शोधण्यात डोळे गेले असं ते म्हणतात, डॉक्टर काचबिंदू म्हणतात. आता त्यांना खिडकी कुठल्या बाजूला आहे एवढंच कळतं.

एका सकाळी चहा पिता पिता त्यांनी कप खाली ठेवला. म्हणाले, "तिचा चेहरा मला अजून दिसतो रे. पण आवाज येईनासा झालाय. आठवायला जातो आणि येतच नाही."

ती म्हणजे आई. तिला जाऊन अकरा वर्षं झाली. मी काहीतरी गुळमुळीत बोललो, वय झालं की असं होतं वगैरे. बाबांनी ते कानाआड केलं आणि विचारलं, कपाटातली ती कॅसेट लागेल का कुठे?

कॅसेट एकच होती. निवृत्त झाल्यावर बाबांनी हौसेने व्हिडिओ कॅमेरा घेतला आणि घर डोक्यावर घेतलं. जो दिसेल त्याचं शूटिंग. आई मात्र कॅमेरा दिसला की दुसऱ्या खोलीत पसार व्हायची. एकदाच ती तावडीत सापडली, कारण मांडीवर मटारच्या शेंगांनी भरलेलं सूप होतं आणि उठता येईना. मग बोलत बसली. आणि आई एकदा बोलायला लागली की तिला मध्ये कुणी तोडलेलं खपायचं नाही. तोडलं की ती पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची. बाबांना हे पक्कं ठाऊक होतं, त्यामुळे त्यांनी मुकाट्याने बावीस मिनिटं कॅमेरा धरला.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणारे एक काका बसतात. सगळे त्यांना पेचकस म्हणतात, तोंडावरसुद्धा. त्यांनी कॅमेरा खोलून दोन दिवसांत चालता केला, पण कॅसेट उजेडात धरून बराच वेळ बघत बसले. पट्टीवरचा थर सुटत चाललाय म्हणाले. एकदा फिरेल, दुसऱ्यांदा फिरेल याचा भरवसा नाही. "माझ्याकडे जुनं मशीन आहे, इथेच उतरवून देतो. सरळ डिस्कवर येईल."

मी नाही म्हटलं. माझा स्वतःचा प्रोग्रॅम आहे, एकही फ्रेम गळत नाही, असं मी त्यांना ऐकवलं. पेचकसकाकांनी तीन वायरी माझ्या हातात दिल्या: पिवळी चित्राची, लाल आणि पांढरी आवाजाची. तिन्ही खोच, विसरू नकोस, आणि वायर खोचली की कॅमेऱ्याचा स्वतःचा आवाज बंद होतो, घाबरू नकोस, असं दोनदा बजावलं. मला जरा रागच आला. मी काय काल जन्मलो होतो?

मी कामात कसर ठेवली नाही. वायरी ज्यात खोचायच्या ती डबी आणली. ती लॅपटॉपला लावली की प्रोग्रॅमला दुसरा कॅमेरा वाटते, म्हणजे आकडा एक. कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत डबीला दुसरा एक कॅमेरा जोडून मी तपासून पाहिलं. समोर हात हलवला, पडद्यावर हात हलला. जुन्या चित्रात आडव्या रेघा येतात, त्या घालवायला तीन संध्याकाळी घालवल्या. रंग सुधारले, कडा सुधारल्या. सगळं कुणासाठी, तर ज्यांना खिडकीपलीकडे काही दिसत नाही त्या माणसासाठी. ही गोष्ट तेव्हा माझ्या डोक्यात आली असती तर फार बरं झालं असतं.

रविवारी सकाळी मी ताईला सांगून बाबांना न्हाव्याकडे धाडलं. मागे राहून त्यांनी दर मिनिटाला झालं का, झालं का विचारलं असतं. शिवाय तयार झाल्यावर एकदम ऐकवावं अशी माझी हौस. तिन्ही वायरी नीट खोचल्या, प्रोग्रॅमला आकडा दिला आणि कॅमेऱ्याचं बटण दाबलं.

आई आली. मांडीवर सूप, केसांची एक बट कानामागे न राहणारी. मान खाली घालून शेंगा सोलत होती आणि बोलत होती. मध्येच वर बघून कॅमेऱ्याकडे, म्हणजे बाबांकडे, बोट रोखायची. एकदा हसली आणि एक शेंग थेट भिंगावर मारली, तेव्हा चित्र हललं. बाबाही हसले असणार. खोलीत चिटपाखरूही नव्हतं, कॅमेरा गप्प होता, पण ते काकांनी सांगितलंच होतं. मी मात्र लहान मुलासारखा रडत होतो आणि एका डोळ्याने आकडा बघत होतो. शेवटी पडद्यावर आलं: फ्रेम तेहतीस हजार, गळलेल्या शून्य. आयुष्यात कुठलंही काम इतकं चोख झालं नव्हतं.

बाबा गुळगुळीत दाढी करून आले. आल्या आल्या कपाट चाचपून इस्त्रीचा सदरा काढून घातला. ताईने ओळखीचा टोमणा मारला, पोरगी बघायला निघालात की काय. बाबा लाजले. खुर्ची लॅपटॉपजवळ ओढून घेतली, उजवा कान पुढे करून बसले आणि दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले.

मी फाइल लावली. ताईने पदर तोंडाशी नेला. आई शेंगा सोलत होती, बोट रोखत होती, बोलत होती. आम्ही दोघं बघत होतो आणि बाबा वाट बघत होते.

थोड्या वेळाने ते म्हणाले, "लावलंस का?"

मी आवाज वाढवला. पूर्ण वाढवला. दुसऱ्या एका प्रोग्रॅममध्ये फाइल उघडली. ताईच्या फोनवर घेऊन बघितली. तोवर कारण मला कळलं होतं, हात उगाच बटणं दाबत होते. माझा प्रोग्रॅम फक्त चित्र मागतो. सात वर्षं त्याने दुसरं काही मागितलंच नव्हतं, झाकणांना कुठे आवाज असतो? लाल आणि पांढऱ्या वायरीतून आईचा आवाज कॅमेऱ्यातून निघाला, डबीपर्यंत आला आणि तिथे तो घ्यायला कुणी नव्हतं. बावीस मिनिटं तो माझ्यापासून वीतभर अंतरावरून वाहून गेला आणि मी फ्रेम मोजत बसलो होतो.

बाबांना सांगावं लागलं. त्यांनी विचारलं, पुन्हा लावता येईल ना? मी हो म्हटलं. नाही म्हणायची हिंमत नव्हती. वायरी उपटल्या, म्हणजे निदान कॅमेऱ्यातून तरी ऐकू येईल, आणि पट्टी मागे फिरवायला लावली. ती थोडी फिरली, अडकली. मी बंद करून चालू केलं. कॅमेऱ्यातून एक कर्कश किंचाळी आली, दोन-तीन सेकंद, आणि मग सगळं थांबलं. त्या कॅसेटमधून बाबांच्या कानावर आलेला आवाज तेवढाच.

पेचकसकाकांनी सोमवारी कॅमेरा खोलला, तेव्हा आत तपकिरी भुकटी होती. पट्टी दोन ठिकाणी चुरगळून तुटली होती आणि उरलेली हातात घेतली तर बोटांना रंग लागत होता. मी म्हटलं, थोडी तरी, एक मिनिट तरी. ते माझ्यावर डाफरले असते तर मला सोपं गेलं असतं. भुकटी त्यांनी कागदावर घेतली, पुडी बांधली आणि माझ्यापुढे ठेवली, आणि मी ती खिशात घालून घरी आणली. तिचं काय करायचं ते मला अजून कळलेलं नाही.

चार दिवस बाबा त्या विषयावर अवाक्षर बोलले नाहीत. मला तर वाटायचं, त्यांनी एकदा तोंडभरून शिव्या द्याव्यात. पाचव्या दिवशी संध्याकाळी ताई आली असताना त्यांनी स्वतःहून खुर्ची ओढली. म्हणाले, "लाव ते. तुम्ही बघून मला सांगा."

मी सांगायला लागलो. आई शेंग मोडतेय. बट कानामागे सारतेय. आता तुमच्याकडे बोट केलंय. बाबा मान डोलवत होते, पण हे त्यांना नको होतं. चेहरा त्यांच्याजवळ होताच. त्यांनी विचारलं, "बोलतेय काय?"

ओठांवरून काही कळेना. मान खाली, शेंगा, पुन्हा मान खाली. पण शेंग मारली त्याच्या जरा आधी ती सरळ भिंगाकडे बघून बोलते, आणि तिथे ताई पुढे वाकली. मला म्हणाली, मागे घे, पुन्हा लाव. तीनदा बघितलं. मग ताई हळूच बोलली, "पुरे झालं हां, बंद करा ते आता."

बाबा ताठ झाले. त्यांच्या चेहऱ्यावर इतक्या दिवसांत पहिल्यांदा काही हाललं. ताईचा आवाज आईवर गेलाय असं नातेवाईक नेहमी म्हणायचे. फोनवर तर हमखास फसायचे. बाबा म्हणाले, पुन्हा म्हण. ताईने पुन्हा म्हटलं. नाही, 'पुरे' जरा लांबव. ताईने लांबवलं. एवढं नाही. 'हां' नाकातून यायचा तिचा. ताईने नाकातून काढला. जवळ आलंय, जवळ आलंय, असं बाबा म्हणाले आणि खुर्चीच्या कडेवर आले. मीही हुरळलो. वाटलं, माझा गाढवपणा ताई निस्तरणार. मी फ्रेम मागे घेत होतो, आईचे ओठ हलत होते, ताई त्यांच्यावर नेम धरून बोलत होती आणि बाबा प्रूफं तपासावीत तसे एकेक अक्षर दुरुस्त करत होते. वीस वेळा झालं असेल, तीस वेळा झालं असेल. ताईचा घसा बसायला आला.

मग बाबांनी दुरुस्त करणं एकदम थांबवलं. ताईने आपणहून पुन्हा एकदा म्हटलं, तर त्यांनी हात वर करून तिला थांबवलं. मान तिरकी करून ते काहीतरी ऐकायचा प्रयत्न करत होते. हात तसाच वर होता.

"काय झालं बाबा?" ताईने विचारलं.

"काही नाही. दमलीस तू." त्यांनी हात खाली घेतला. मग म्हणाले, "थोडासा होता गं. अगदी पुसट, पण होता. आता आठवायला गेलो की तुझाच येतो."

ताईने तोंड दाबून धरलं. तिरक्या झाकणाच्या बाटल्या असत्या तर बाजूला ढकलल्या असत्या. मला त्या माणसाचे पाय धरावेसे वाटले आणि मी तेही केलं नाही. लॅपटॉप बंद करायला हात पुढे केला.

चाहूल लागून बाबांनी माझं मनगट धरलं. "राहू दे," ते म्हणाले. "तिचं बोलून होऊ दे."

मी फाइल पहिल्यापासून लावली. बाबांनी सदऱ्याची वरची गुंडी लावली, उजवा कान पुढे केला, आणि बावीस मिनिटं आमच्यापैकी कुणीही मध्ये बोललं नाही.