जाऊबाई गप्प राहिल्या तेव्हा

आमच्याकडे इजिप्तमध्ये मुलुखियाच्या पाल्याच्या पातळ भाजीवर लसूण-धण्यांची फोडणी ओतताना बाईने दचकल्यासारखा मोठ्यांदा श्वास आत ओढायचा असतो. नाही ओढला तर भाजीला चव येत नाही, म्हणे. माझी थोरली जाऊ इन्शिराह वरच्या मजल्यावर असा श्वास ओढायची की खाली माझ्या हातातला डाव पडायचा. मी असले चाळे कधी केले नाहीत. त्यावरून आमची वीस वर्षं जुंपलेली.

मग तिच्या स्तनात गाठ निघाली. औषधांचे चार डोस झाले आणि हृदयाभोवती पाणी साठलं. ते सुईने काढलं. पंधरा दिवसांनी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आता रोज थोडं चालायचं, पण बोलत बोलत. बोलायला दम पुरेना झाला की तिथेच बसायचं आणि फोन करायचा." मग विचारलं, "घरात सगळ्यात जास्त कुणाशी बोलता?"

"बोलते कुठली, भांडते, या तहानीशी," म्हणत इन्शिराहने माझ्याकडे बोट दाखवलं.

झालं. रोज सकाळी मन्सूरा शहरात नाईलकाठी आमची वरात. पहिल्या दिवशी दिव्याचा एक खांब गाठला, आठवड्याने तीन.

"तुझी मुलुखिया म्हणजे कोमट गवत," ती म्हणायची.

"आणि तुम्ही अंगावर पाल पडल्यासारखं करता, त्याला स्वयंपाक म्हणायचं?"

सहाव्या खांबापाशी मी म्हटलं, "खरं सांगू, जाऊबाई? भावजींनासुद्धा माझीच मुलुखिया आवडते. तुम्हाला घाबरून बोलत नाहीत."

ती काही बोलली नाही. नुसती हसली.

वीस वर्षांत पहिल्यांदा मी जिंकले होते. दहा पावलं तरंगतच गेले, देव मला क्षमा करो. मग एकदम थांबले. नवऱ्याबद्दल असलं ऐकून ही बाई गप्प राहील? वळून पाहिलं तर कठडा धरून उभी, ओठ निळसर, आणि हाताने खुणावतेय, चल, सातवा खांब.

"बसा," मी म्हटलं. तिने मान हलवली. "जाऊबाई, पाया पडते, बसा."

बसली. मी फोन लावला. पाणी पुन्हा भरलं होतं. या वेळी छातीखाली छेद देऊन त्याला वाट करून दिली. आणखी दोन दिवस गेले असते तर, एवढंच डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मला तिचा भयंकर राग आला होता. एका खांबासाठी मरायला निघाली होती.

परवाच्या शुक्रवारी ती माझ्या स्वयंपाकघरात खुर्चीवर, मी गॅसपाशी. फोडणी तडतडली. तिने सवयीने श्वास ओढायला घेतला, पण टाके ताणले तशी थांबली. तिचे डोळे भरून आले. मग मी जन्मात न केलेलं केलं. फोडणी ओतली आणि होता नव्हता तेवढा जीव लावून श्वास आत ओढला.

ती बघतच राहिली. मला वाटलं, आता ही रडणार.

"ही काय उचकी होती का गं तहानी, एवढ्याशा आवाजाला मांजर तरी दचकेल का, आणि लसूण करपवलास तो वेगळाच, असलं माझ्या नवऱ्याच्या ताटात वाढायच्या आधी जरा मला विचारत जा."

मध्ये कुठेही थांबली नाही. सगळं एका दमात.

मी पाठ फिरवूनच उभी राहिले, डोळे पुसले आणि म्हटलं, "अजून बोला, जाऊबाई."