हरकत असल्यास

"रडतेस कशाला? जा आणि सांग त्यांच्या तोंडावर, मी बालसंघ सोडणार नाही म्हणून!" मी ओरडलेच.

माझी भावजय चर्चच्या मागच्या खोलीत गुडघ्यांवर बसून बालसंघाच्या छोट्या खुर्च्या पुसत होती. काढून टाकलं त्या दिवशीसुद्धा! "हळू बोला ना, ताई. पाळकसाहेबांनी काहीतरी विचार करूनच ठरवलं असेल."

विचार! त्या माणसाला स्वतःचा चष्मा सापडत नाही. त्यांची सून दोन आठवड्यांचं शिबिर करून आली, येताना प्रोजेक्टर घेऊन आली, झालं, आजपासून ती बालसंघाची प्रमुख. आणि सव्वीस वर्षं लोकांच्या पोरांची शेंबडी नाकं पुसणारी, कोणाला शू लागलीय ते चेहऱ्यावरून ओळखणारी ही? हिला सकाळी फोनवर एका वाक्यात निरोप. धाकट्या भावाच्या लग्नापासून बघतेय, कोणीही यावं आणि हिला टपली मारून जावं. चीड येते मला अशा गरीब गाईंची.

"तुला हवंय ना हे काम?"

"मला दुसरं येतं काय, ताई?" एवढंच म्हणून ती पुढच्या खुर्चीकडे सरकली.

उपासनेला मुलं गाण्यासाठी पुढच्या बाकांवर बसली होती. पाळकसाहेबांनी सुनेची नेमणूक वाचली, भावजयीचे आभार घाईघाईत उरकले आणि रिवाजाप्रमाणे विचारलं, "कोणाला हे नको असेल, तर हात वर करा." हा प्रश्न आमच्याकडे नुसता विचारायचा असतो. सगळे माना खाली घालून बसतात, मेंढरं मेली!

मुलांना मात्र हे कोणी सांगितलंच नव्हतं. दात पडलेल्या एका मुलीने हात वर केला. मग तिच्या शेजारच्याने. बघता बघता पस्तीसच्या पस्तीस! एका चिमुरडीने तर दोन्ही हात वर केले.

पाळकसाहेबांना घाम फुटला. मी मनात म्हटलं, आता तरी बोल गं बाई!

ती उठली. मुलांसमोर जाऊन उभी राहिली, त्यांच्याकडे बघून हसली आणि तिने तळहाताने खुणावलं, खाली. पोरांनी लगेच ऐकलं. चिमुरडीचे हात तिने स्वतः धरून खाली घेतले.

"सर्वानुमते," पाळकसाहेब म्हणाले.

मी तिसऱ्या बाकावर होते. चाळीस वर्षांपासूनची सभासद, मताचा हक्क असलेली. तोंड तर माझं गावभर वाजतं. पण माझा हात काही वर गेला नव्हता.