फेर्मीनला शोधणारी सळई

मी एक जुनी सळई आहे, मित्रांनो. माणसाच्या दुप्पट उंच आणि टोकाला बोथट. चिलीच्या डोंगरात, तांब्याच्या खाणीपाशी, एका लोहाराने मोडक्या पहारींचं पोलाद तापवून मला घडवलं. बर्फात शिरून खालचे थर चाचपायचे, हे माझं काम.

माझा मालक अन्सेल्मो खिंडीच्या रस्त्यावरच्या बर्फावर नजर ठेवी. तो मला उतारावर हलकेच दाबी. मी अडले तर थर घट्ट. सहज घुसले तर धोका. "हिच्यामुळे आपण जिवंत आहोत," असं खाणीतली माणसं म्हणत, तेव्हा मला फार बरं वाटे.

मग ऑगस्टमधलं, म्हणजे आमच्याकडच्या ऐन हिवाळ्यातलं, ते वादळ आलं. वर खिंडीतल्या निवाऱ्यात दोन ट्रकवाले अडकले. तिथे सरपण नव्हतं. रेडिओवर त्यांचा आवाज येई, मग तोही येईनासा झाला. अन्सेल्मोने मला उताराला टोचलं. वर टणक कवच होतं आणि त्याखाली साखरेसारखा रवाळ, सुटा बर्फ. मी त्यातून खाली निसटलेच. पलीकडे कुठेतरी उतार 'धप्प' करून खचला.

अन्सेल्मोच्या बहिणीचा नवरा फेर्मीन बर्फ सारायचं यंत्र चालवी. त्याने ते सुरूही केलं होतं.

"दाजी, जाऊ नका. सगळा डोंगर अधांतरी आहे."

"तुझी ही सळई कधी हो म्हणाली आहे का? हिचं ऐकलं तर उन्हाळा येईपर्यंत चुलीपाशी बसून भाकऱ्याच भाजाव्या लागतील!"

"थट्टा नको. बर्फ बसू द्या, मग जा."

फेर्मीनचं हसू मावळलं. "तोवर ते दोघं थांबतील का रे?"



"अरे, तू तरी अडव त्यांना!" दारातून बहीण नोल्बेर्ता ओरडली. पण अन्सेल्मो यंत्राच्या वाटेतून बाजूला झाला.

पहिल्याच वळणावर वरचा बर्फ सुटला आणि फेर्मीन यंत्रासकट त्याखाली गाडला गेला.

अन्सेल्मोने मला पावलापावलावर खुपसलं. नोल्बेर्ता नुसत्या हातांनी उकरत होती. दगड आणि लोखंड मी ओळखत होते. अखेर टोकाला जे लागलं ते मऊ होतं. अन्सेल्मोच्या मुठीलाही ते कळलं. फेर्मीन सापडला, पण जीव उरला नव्हता. त्याच्या तोंडासमोर त्याचाच श्वास गोठून काच झाला होता.

वादळ निवळल्यावर लोक निवाऱ्यापर्यंत पोचले. ते दोघे एकाच घोंगडीत बसले होते, थंडगार.

नोल्बेर्ताने भावाशी बोलणं टाकलं. तो खाली सपाटीवर निघून गेला, मला न घेता. आता मी रस्त्याकडेच्या शेडमागे गंजत पडले आहे.

मित्रांनो, डोंगर नाही म्हणाला तर थांबा, असं मी सांगेन. पण वर कोणी वाट पाहत असेल तर काय सांगायचं, ते मला आजही ठाऊक नाही. म्हणून आभाळ निरभ्र असतानाच निवाऱ्यात लाकडं रचून ठेवा. आमच्याकडे ते काम प्रत्येकाने दुसऱ्यावर ढकललं होतं.

काल या हिवाळ्याचा पहिला बर्फ पडला. शेडशी थांबलेले रस्त्यावरचे मजूर सांगत होते, निवाऱ्यातली सरपणाची जागा अजून रिकामीच आहे.